‘आय हर्ट माय लेग’ खोडू नका : अपघाताचे कागद इंग्रजीत करून घेणाऱ्या ग्राहकांसाठी

अपघाताच्या क्लेमचा अर्ज इंग्रजीत करून दिला की दुसऱ्या दिवशी फोन येतो : “यात ‘आय हर्ट माय लेग’ लिहिलंय. मी काय स्वतःच पाय दुखावून घेतला?”

तसं नाही. मराठीत आपण ‘मला लागलं’ म्हणतो. लागतं ते आपोआप, लावणारा कोणी नसतो. इंग्रजीत ‘हर्ट’ला कर्ता लागतो आणि ज्याचा पाय तोच बहुधा कर्ता होतो. जिन्यावरून घसरलेला माणूसही असंच म्हणतो. मुद्दाम केलं असेल तर ‘डेलिबरेटली’ वेगळं लिहावं लागतं.

इंदूरला रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीत, राजवाड्याजवळ एका काकांचा पाय मुरगळला. जाणूनबुजून केलेल्या इजेचे पैसे अपघात पॉलिसीत मिळत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून आमच्या अर्जातला ‘आय’ खोडून त्यांनी पेनने ‘समवन’ लिहिलं. विमा कंपनीने लगेच विचारलं, हा कोण? पोलिसांत तक्रार दिली का? एका शब्दापायी तीन आठवडे गेले. तेव्हा शंका आली तर आधी आम्हाला विचारा. फारच खटकत असेल तर ‘माय लेग वॉज इंज्युअर्ड’ करून देऊ.

‘हर्टेड’ मात्र मागू नका, भूतकाळातही ‘हर्ट’च राहतं. ‘माय लेग हर्ट्स’ म्हणजे पाय आत्ता दुखतोय. गाडी ‘हर्ट’ होत नाही, तिला ‘डॅमेज’. मोटर पॉलिसीतही ‘ओन डॅमेज’ असाच शब्द असतो.

पोलीस-कोर्टाच्या कागदांत आम्ही जास्त जपतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, कलम ११४ प्रमाणे, कोणाला शारीरिक वेदना, आजार किंवा अशक्तपणा आणणं म्हणजे ‘हर्ट’. हाड मोडलं किंवा दात पडला तर कलम ११६ प्रमाणे ते ‘ग्रीव्हस हर्ट’, म्हणजे गंभीर दुखापत, होतं. म्हणून डॉक्टरांचा कागद पाहिल्याशिवाय आम्ही ‘ग्रीव्हस’ लिहीत नाही. काहीजण यावर नाराज होतात. पण एक्स-रेत काही नसताना तो शब्द घातला, तर उलटतपासणीत उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

येताना पॉलिसी आणि दवाखान्याचे कागद आणा, मराठी-हिंदी दोन्ही चालतात. टाइप करण्याआधी मसुदा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, त्यातली ओळ न् ओळ मराठीत समजावून सांगतो. पंधरा दिवसांत एखादा शब्द बदलायचा झाला तर त्याचे पैसे घेत नाही.