वेंगुर्ला रॉक्सची फेरी : आम्ही सकाळी सहाला का बोलावतो

फोनवर रोज दोन प्रश्न ठरलेले. बेटावर उतरता येतं का? आणि आरामात नाश्ता करून साडेआठला निघालं तर चालेल का? दोन्हींचं उत्तर 'नाही'. पहिलं लोकांना लगेच पटतं, दुसरं पटत नाही. म्हणून हा कागद छापून घेतला.

आधी उतरण्याचं सांगतो. माडांची रांग आणि पांढरी पुळण डोळ्यांसमोर ठेवून आलात तर निराश व्हाल. निवती-वेंगुर्ल्यासमोर खोल समुद्रात खडकांचा एक पुंजका आहे, ते हे वेंगुर्ला रॉक्स. त्यात मोठी बेटं तीन : बर्न्ट आयलंड, जुन्या दीपगृहाचं बेट आणि नव्या दीपगृहाचं बेट. वस्ती कुठेच नाही. कडे पाण्यातून सरळ वर चढलेले. लाट त्यांवर आपटून उलट फिरते आणि येणाऱ्या लाटेशी टक्कर घेते. अशा पाण्यात बोट खडकाला लावून चार माणसं उतरवणं म्हणजे बोटही जायची आणि माणसंही. शिवाय खालच्या खडकावर शेवाळ.

आणि वर आपलं काम तरी काय? पावसाळ्यात, प्रवासी बोटी बंद असतात तेव्हा, सुरय पक्षी इथे उघड्या खडकावर अंडी घालतात. त्यांची राखण समुद्रच करतो. पाकोळी पक्ष्यांचं तसं नाही. त्या समुद्राच्या बाजूच्या काळोख्या गुहेत राहतात आणि उन्हाळ्यात, म्हणजे ऐन तुमच्या सुट्टीत, घरटी करतात. लाळेत पिसं आणि काड्या कालवून कातळाला चिकटवलेलं, अर्ध्या बशीएवढं घरटं. पक्षीतज्ज्ञ ए. ओ. ह्यूम १८७५ साली पक्षी बघायला इथे येऊन गेले होते, म्हणजे ही जागा काही आज प्रसिद्ध झालेली नाही. पण पाकोळ्यांच्या याच लाळेच्या घरट्यांची पुढे खाण्यासाठी चोरी झाली. पाकोळीला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. त्यामुळे आम्ही गुहेच्या तोंडापासून लांब थांबतो, आत शिरत नाही. 'दुसरे बोटवाले नेतात' असं कोणी सांगितलं तर खुशाल त्यांच्याकडे जा.

आता वेळेचं. आमचं सगळं अडतं ते इथे.

हिवाळ्या-उन्हाळ्यात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो. पाणी तेलासारखं सपाट. ऊन चढलं की जमीन तापते, वारा फिरतो आणि समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. दुपारी बारापर्यंत पाण्यावर पांढरे फेस दिसायला लागतात. जाताना तासभर लागतो, तिकडे तासभर थांबायचं, येताना पुन्हा तासभर. सहाला निघालात तर नऊच्या सुमारास किनाऱ्यावर. साडेआठला निघालात तर परत येताना तोंडावर पाणी उडत असतं आणि निम्मी मंडळी ओकत असतात. पोरं रडतात आणि बोल आम्हाला लागतो.

पक्ष्यांचंही तेच. पाकोळ्या उजाडताना गुहेतून बाहेर पडतात आणि दिवसभर हवेतले किडे टिपत लांब फिरतात. गुहेतल्या काळोखात त्या टिकटिक आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवर वाट काढतात. समुद्र शांत आणि इंजिन बंद असेल तर कधी ती टिकटिक बाहेरपर्यंत येते. वारा सुटल्यावर शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तिथे पाकोळीचं काय येणार!

गेल्या मोसमात दहा जणांचा एक ग्रुप पावणेनऊला आला. 'चहा उशिरा मिळाला हो.' अष्टमी होती. पहाटे पाणी अगदी वर होतं, सहाला आले असते तर घोट्यापर्यंतच भिजले असते. तोवर ओहोटी लागून बोट वाळूत बसलेली. आम्ही चौघांनी आणि त्यांच्यातल्या सहा जणांनी मिळून ती ढकलली. बेटांच्या निम्म्या वाटेवर वारा आला आणि मागे फिरलो. पैसे कोणाचे, यावर तासभर वाद. तेव्हापासून नियम केला : ठरल्या वेळेनंतर वीस मिनिटं थांबतो, मग फेरी रद्द आणि आगाऊ रक्कम परत मिळत नाही. समुद्रामुळे आम्ही रद्द केली तर पूर्ण परत, किंवा दुसरा दिवस.

'आमच्या मित्राला बोट दारात मिळाली, आम्हाला मांडीभर पाण्यातून का चालवलंत?' हीही तक्रार येते. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. आमच्याकडचा जुना हिशेब असा : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहाच्या सुमारास, पुनवेला आणि अवसेला अकराच्या पुढे. म्हणजे पुनवेच्या आसपास पहाटे ओहोटी. बोट आम्ही आदल्या रात्रीच पाण्यात नांगरून ठेवतो आणि तुम्हाला चालत यावं लागतं. वयस्कर मंडळी बरोबर असतील तर अष्टमीच्या आसपासची तारीख मागा, आम्ही शक्यतो देतो.

लाइफ जॅकेट आमचं, पाण्याची बाटली तुमची. दुर्बीण असेल तर आणा, नसेल तर बोटीवर एक आहे, आळीपाळीने बघा. पोट भरगच्च नको, अगदी रिकामंही नको. ड्रोन नको.

आदल्या दिवशी संध्याकाळी वारा बघून ठरवतो. रात्री नऊपर्यंत आमचा फोन आला नाही तर फेरी आहे असं समजा.