डॉक्टरांची बदली झाली की प्रतिनियुक्ती?

ग्रामीण रुग्णालयातले डॉक्टर दिसेनासे झाले की गावात एकच वाक्य फिरतं, "साहेबांची बदली झाली." मग निवेदन तयार होतं. वर ठळक अक्षरात "बदली रद्द करा", खाली सरपंचांपासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सह्या. निवेदन देतानाचा फोटो पेपरात येतो. आणि काही दिवसांनी उत्तर येतं, "सदर अधिकाऱ्याची बदली झालेली नाही." या उत्तरात खोटं काही नसतं. डॉक्टर कागदावर तुमच्याच रुग्णालयात असतात, काम मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी करत असतात. म्हणजे ते प्रतिनियुक्तीवर गेलेले असतात.

पेशंटच्या दृष्टीने दोन्हीचा अर्थ एकच, ओपीडीतली खुर्ची रिकामी. पण ती पुन्हा भरायची तर दोन्हींची वाट वेगळी, सही करणारा वेगळा आणि मागणीही वेगळी.

बदलीत माणूस पद सोडून जातो. इथून कार्यमुक्त होतो, तिथे रुजू होतो, पगार तिकडून निघू लागतो आणि इथलं पद रिक्त होतं. रिक्त होणं ही वाईट बातमी वाटते, पण तीत एक सोय आहे: ते पद रिक्त पदांच्या यादीत चढतं. नवी भरती झाली, बंधपत्रित (शिक्षणानंतर काही काळ सरकारी सेवा देण्याचं बंधन असलेल्या) डॉक्टरांना गावं वाटून द्यायची वेळ आली किंवा बदल्यांचं समुपदेशन (पसंतीचं ठिकाण विचारण्याची बैठक) झालं, की त्या यादीकडे बघितलं जातं. शिवाय राज्य शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांना 2005 चा कायदा लागू आहे. सर्वसाधारण कार्यकाल तीन वर्षांचा, बदल्या साधारणपणे वर्षातून एकदा, एप्रिल किंवा मे महिन्यात. मुदतीआधी किंवा अधेमधे बदली करायची तर कारण लेखी नोंदवून वरिष्ठांची पूर्वमान्यता घ्यावी लागते. हे सगळं दर वेळी काटेकोर पाळलं जातं असं नाही, पण बोट ठेवायला कलम तरी असतं.

प्रतिनियुक्तीत पद सुटत नाही, फक्त माणूस हलतो. आदेश बहुतेक एका पानाचा असतो: रुग्णसेवेच्या हितास्तव अमुक अधिकाऱ्यांनी पुढील आदेश होईपर्यंत तमुक रुग्णालयात काम करावे, वेतन मूळ आस्थापनेवरून काढण्यात यावे. सेवा नियमांच्या काटेकोर भाषेत प्रतिनियुक्ती म्हणजे दुसऱ्या विभागात किंवा संस्थेत जाणं. आरोग्य खात्यात मात्र खात्यातल्या खात्यात इकडून तिकडे पाठवण्यालाही तेच म्हणतात. कधी "सेवा वर्ग", कधी "कामकाजाची तात्पुरती व्यवस्था" असंही लिहिलेलं असतं. शब्दांच्या फंदात पडू नका, पगार कोणत्या आस्थापनेवरून, म्हणजे कोणत्या रुग्णालयाच्या नावावर, निघतो तेवढं बघा. इथून निघत असेल आणि माणूस इथे नसेल, तर ती बदली नव्हे.

गावासाठी या दोन्हींत जास्त घातक कोणती, असं विचारलं तर माझं उत्तर प्रतिनियुक्ती. कारण साधं आहे. पद भरलेलं दिसतं, त्यामुळे रिक्त पदांच्या यादीत ते येत नाही आणि नवा माणूस मिळण्याचा रस्ताच बंद होतो. आढावा बैठकीत "मंजूर पदे, भरलेली पदे, रिक्त पदे" असा तक्ता मांडला जातो, त्यात तुमचं रुग्णालय चांगलंच दिसतं. हजेरीपटावर मात्र त्या नावापुढे महिनाभर प्रतिनियुक्तीची नोंद, एकाही दिवसाची सही नाही. तो तक्ता बघणारे हजेरीपट बघत नाहीत.

एक माणूस हलल्याने काय होतं ते भूलतज्ज्ञाच्या उदाहरणात नीट दिसतं. ग्रामीण रुग्णालय 30 खाटांचं. समजा तिथे स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत, शस्त्रक्रियागृह आहे, नर्स आहेत. भूलतज्ज्ञांना जिल्हा रुग्णालयात "तात्पुरतं" बोलावलं. त्या दिवसापासून सिझेरियन बंद. स्त्रीरोगतज्ज्ञ रोज येतात, पण जरा अवघड वाटणारी प्रत्येक बाई पुढे पाठवतात. त्यांनाही दोष कसा द्यायचा, कळा सुरू झाल्यावर अडलं तर भूल कोण देणार? 108 ची गाडी येते, बाई 60-70 किलोमीटर पुढे जाते. दोन-चार जणींचं असं झालं की पाचवी ग्रामीण रुग्णालयात येतच नाही. तिच्या घरचे थेट तालुक्याच्या खासगी दवाखान्यात पैसे भरतात. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचार 15 ऑगस्ट 2023 पासून मोफत झालेत खरे, पण जिथे उपचारच होत नाहीत तिथे मोफत काय मिळणार?

पुढची पायरी जास्त चिंतेची आहे. बाळंतपणांचा आकडा घसरला की "तिथे काम कमी आहे" म्हणून एखादी नर्स उचलली जाते. मग रात्रपाळीची ओढाताण. मग स्त्रीरोगतज्ज्ञांनाही इथे कामाविना बसण्यापेक्षा जिल्ह्यात गेलेलं बरं वाटतं. रुग्णालय बंद करण्याचा आदेश कुणीच काढत नाही. इमारत उभी असते, पाटी असते, 26 जानेवारीला झेंडावंदन होतं. मोर्चा कशाविरुद्ध काढायचा हेच लोकांना कळत नाही.

म्हणून प्रत्येक प्रतिनियुक्ती वाईट असं मात्र नाही. आषाढी वारीत पंढरपूरला बाहेरच्या जिल्ह्यांतून डॉक्टर-नर्स पाठवाव्याच लागतात. पूर आला, साथ पसरली, तर माणसं हलवणं भागच असतं, 2020 मध्ये तर ती सर्रास हलवली गेली. अशा आदेशांमागचं कारण सगळ्यांना दिसतं, आणि कारण संपलं की माणसं परतायला हवीत. घोडं अडतं ते "पुढील आदेश होईपर्यंत" या तीन शब्दांत. तो पुढील आदेश काढायची कुणालाच घाई नसते.

आणखी एक गोष्ट आंदोलन करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. तुमच्या रुग्णालयात आठवड्यातून दोन दिवस येणारे भूलतज्ज्ञ कदाचित उपजिल्हा रुग्णालयातून प्रतिनियुक्तीवरच येत असतील. ओपीडी सांभाळणारे तरुण डॉक्टर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून उचललेले असतील आणि तिथलं गाव तुमच्या नावाने बोटं मोडत असेल. "जिल्ह्यातल्या सर्व प्रतिनियुक्त्या रद्द करा" ही मागणी मान्य झाली, तर दुसऱ्या दिवशी तुमचीच ओपीडी ओस पडू शकते. आधी यादी बघा, मग घोषणा ठरवा.

निवेदन कुणाला द्यायचं हेही इथेच ठरतं. प्राथमिक आरोग्य केंद्राचा कारभार जिल्हा परिषदेकडे, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकारी आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे. ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत, त्यांच्यावर परिमंडळाचे (काही जिल्ह्यांच्या गटाचे) उपसंचालक. डॉक्टरांच्या बदलीचं प्रकरण बहुधा जिल्ह्याबाहेर, वरच्या पातळीवर ठरतं, तिथे आमदारांचा पाठपुरावा लागतो. प्रतिनियुक्तीचा आदेश मात्र अनेकदा जिल्ह्यातच निघालेला असतो आणि जिथे निघाला तिथेच रद्द होऊ शकतो. तहसीलदार दोन्हींत फक्त पोस्टमन.

नक्की काय झालंय हे कळायला माहितीचा अधिकार पुरेसा आहे. महाराष्ट्रात अर्जाला 10 रुपये शुल्क, विषय एकच आणि मजकूर 150 शब्दांत. मजकूर असा ठेवा:

"या ग्रामीण रुग्णालयातील मंजूर, भरलेल्या व रिक्त पदांची संवर्गनिहाय माहिती द्यावी. भरलेल्या पदांवरील जे अधिकारी-कर्मचारी सध्या अन्य ठिकाणी काम करत आहेत त्यांचे पदनाम, कामाचे ठिकाण, तेथे गेल्याचा दिनांक, आदेशाची मुदत व आदेशाची प्रत द्यावी. तसेच अन्य संस्थेतून येथे काम करण्यासाठी आलेल्यांचीही हीच माहिती द्यावी."

शेवटचं वाक्य गाळू नका, आपण उसने घेतलेले किती ते त्यातून कळतं. अर्ज जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे द्या आणि पोच घ्या. उत्तराची मुदत 30 दिवस. "भरलेली पदे" एवढंच मोघम उत्तर आलं, तर पुढच्या 30 दिवसांत प्रथम अपील करा.

उत्तरात पद रिक्त निघालं, तर मागणी पद भरण्याची. तोवर बंधपत्रित किंवा कंत्राटी डॉक्टर द्या असंही लिहा. प्रतिनियुक्ती निघाली, तर "बदली रद्द करा" हे शब्द कागदावर येऊच देऊ नका. आदेशाचा क्रमांक आणि दिनांक लिहून मागा की हा आदेश रद्द करून अधिकाऱ्यास मूळ पदस्थापनेच्या ठिकाणी रुजू होण्यासाठी तात्काळ कार्यमुक्त करावे. "कार्यमुक्त" हा शब्द हवाच. प्रतिनियुक्ती रद्द झाली तरी तिकडचं रुग्णालय माणूस सोडत नाही, असं सर्रास घडतं. आणि तिसराच प्रकार निघू शकतो: गेलेले डॉक्टर राष्ट्रीय आरोग्य अभियानात कंत्राटी होते आणि करार संपला. मग बदली नाही, प्रतिनियुक्ती नाही. तिथे मागणी करार वाढवण्याची किंवा नव्या नेमणुकीची.