गेमचे सेटिंग्ज आणि कार्ड सॉर्टिंग: घोळ कुठून आला

गेमच्या मेनूत कुठली सेटिंग कुठे ठेवायची हे ठरवायला कार्ड सॉर्टिंग वापरतात, म्हणजे एकेका कार्डावर एकेक सेटिंग लिहून लोकांना त्यांचे गठ्ठे करायला सांगायचे. कार्डांचे गठ्ठे करायला लावून माणसाचं डोकं तपासणं मानसशास्त्रात जुनंच. १९४८ ची ती रंग-आकार-संख्यावाली टेस्ट, पण तिथं उत्तर बरोबर की चूक ते ठरलेलं असतं, इथं तसं काही नाही, त्यामुळे ते नातं फार ताणण्यात अर्थ नाही. गेमवाल्यांकडे पद्धत आली ती वेबसाइटवाल्यांकडून. १९९४ च्या सुमारास एका अमेरिकन कंप्युटर कंपनीने स्टाफसाठीच्या आतल्या साइटची रचना ठरवायला कार्डं वापरली, तिथून ती पसरली. २००४ च्या एका अभ्यासात १६८ जणांचा डेटा तपासून निघालं की एका सॉर्टला २०-३० जण पुरतात, गेमवालेही तोच आकडा सांगतात, अभ्यास गेमचा नव्हता तरी.

खरी भांडणं ऍक्सेसिबिलिटीवरून, म्हणजे दिव्यांगांनाही खेळता यावं यासाठीच्या सेटिंग्जवरून. आधी मेनूत ऑडिओ, व्हिडिओ, कंट्रोल्स, गेमप्ले एवढ्यात भागायचं. मग अमेरिकेत गेममधलं चॅट दिव्यांगांना वापरता यावं या कायद्यातली सूट २०१८ अखेर संपली, २०२० च्या जूनमध्ये 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' साठाहून जास्त अशा सेटिंग्ज घेऊन आला, आणि प्रश्न पडला की यांचा वेगळा टॅब करायचा की जिथल्या तिथे वाटून टाकायच्या?

ओपन सॉर्ट (गठ्ठ्यांना नावं लोकांनीच द्यायची) घेतला तर लोक 'कलरब्लाइंड मोड' सरळ व्हिडिओत टाकतात, कारण बदलतो तो स्क्रीन. सबटायटल्स कोणी ऑडिओत, कोणी भाषेत. क्लोज्ड (हेडिंग आपणच आधी द्यायची) घ्या, वर 'ऍक्सेसिबिलिटी' लिहिलेलं कार्ड ठेवा, की तीच कार्डं गपगुमान त्याखाली जातात. म्हणजे हेडिंग देतानाच निकाल लावून झाला, आणि नंतर मीटिंगमध्ये 'प्लेअर्सनाच वेगळा टॅब हवाय' म्हणून स्लाइड दाखवायची! त्यात तीस जणांत खरंच कलरब्लाइंड एखादाच असला तर मॅट्रिक्समध्ये (कुठली कार्डं किती जणांनी एकत्र ठेवली त्याचा तक्ता) त्याचं मत कुठल्या कुठे बुडतं, आणि सेटिंग शोधायची गरज त्यालाच असते. माझ्या मते अशा प्लेअर्सचा सॉर्ट वेगळा घ्यायला हवा, सरासरीत मिसळूच नये.

दुसरं म्हणजे कार्ड एकाच गठ्ठ्यात जातं, मेनूत मात्र तीच सेटिंग दोन ठिकाणी ठेवता येते. डुप्लिकेट कार्डं दिली की हे सुटतं, पण मग आकडेमोड किचकट होते म्हणून टाळतात.

हल्ली बरेच गेम पहिल्यांदा चालू करतानाच सबटायटल्स, मेनू वाचून दाखवणं वगैरे विचारून घेतात, तेवढ्यापुरता वाद मिटतो, पण खेळता खेळता मध्येच अक्षरं मोठी करायची झाली की परत तोच मेनू शोधत बसायचं.