कीड, नस आणि काकांचा फॉरवर्ड: रूट कॅनल आलं कुठून

गेल्या महिन्यात माझी खालची उजवी दाढ ठणकायला लागली. रात्री दोन वाजता दाढेत लवंग धरून बसलो, सकाळी डेंटिस्टकडे गेलो तर ते म्हणाले इन्फेक्शन मुळापर्यंत गेलंय, रूट कॅनल करू, म्हणजे दाताच्या मुळातला खराब गर काढून ती नळी साफ करून भरू. हे घरच्या ग्रुपवर टाकायचा अवकाश, सल्ले सुरू. आजी म्हणाली कीड पडली असेल, धुरी घे. मावशी म्हणाली नस मारून घे म्हणजे सुटशील. आत्या म्हणाली मेलेला दात तोंडात कशाला ठेवायचा, काढूनच टाक. आणि काकांनी फॉरवर्ड टाकला की रूट कॅनलमुळे मोठमोठे आजार होतात, अमेरिकेतल्या डॉक्टरने शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध केलंय. मी सिटिंगच्या मधल्या आठवड्यात हे सगळं शोधत बसलो, तर गंमत अशी निघाली की यातलं एकही वाक्य हवेतून आलेलं नाहीये, फक्त प्रत्येक जण वेगळ्या काळात बोलतोय.

आजीचं सगळ्यात जुनं. दातात किडा शिरतो आणि आतून पोखरतो ही समजूत बॅबिलोनच्या मातीच्या पाट्यांवरही सापडते, आणि आपल्याकडे सुश्रुतसंहितेत दातांच्या रोगांमध्ये चक्क कृमिदंत आहे. रिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून धूर तोंडात घ्यायचा आणि मग पाण्यात पडलेले ‘किडे’ दाखवायचे, हे आजीने लहानपणी बघितलंय. युरोपातही अगदी हेच चालायचं, तिथे खुरासानी ओव्याच्या बिया वापरायचे. त्या भाजल्या की फुटतात आणि आतला इवलासा पांढरा कोंब बाहेर पडतो, तोच किडा म्हणून दाखवला जायचा. रिंगणी आणि खुरासानी ओवा दोन्ही वांग्याच्याच कुळातले, त्यामुळे आजीने काय पाहिलं असेल याचा मला अंदाज आहे, पण तिला सांगायची हिंमत नाही झाली.

इस्राएलच्या नेगेव वाळवंटात सुमारे 2200 वर्षांपूर्वीचा एक नबातियन (त्या भागातले जुने अरब लोक) सैनिक सापडलाय, त्याच्या दाताच्या मुळाच्या नळीत ब्राँझची अडीच मिलिमीटरची तार घातलेली होती. का घातली ते त्यालाच माहीत, बहुतेक किड्याचीच वाट अडवायला.

किड्याला खरा धक्का दिला पॅरिसचे डेंटिस्ट पियेर फोशार यांनी. 1728 मध्ये त्यांनी लिहिलं की किडे वगैरे काही दिसले नाहीत, आणि दात उघडून आतला पू मोकळा करायचा, दालचिनीच्या किंवा लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवायचा, मग शिशाने भरून टाकायचं. म्हणजे माझी लवंग तशी परंपरेला धरूनच होती.

आता मावशीची नस. दाताच्या आत मऊ गर असतो, पल्प म्हणतात त्याला, त्यात रक्तवाहिन्याही असतात आणि नसाही, आणि आपण सगळ्याला मिळून नस म्हणतो. इन्फेक्शन झालं की तो सुजतो पण सुजायला जागाच नसते कारण चारी बाजूंनी कडक दात, म्हणून तो ठणका. 1836 मध्ये अमेरिकेतल्या स्पूनर नावाच्या डेंटिस्टने यावर उपाय सुचवला तो सोमलाचा, म्हणजे आर्सेनिकचा. दातात सोमल भरायचा, काही दिवसांनी गर मरायचा, मग काढायचा. भूल तेव्हा नव्हतीच ना, जिवंत गर कोण काढू देणार? ‘नस मारणं’ हे त्या काळी शब्दशः खरं होतं, फक्त सोमल बाहेर झिरपला तर हिरडी आणि जबड्याचं हाडही मारायचा.

नंतर 1884 मध्ये कोकेनची भूल आली, 1905 च्या सुमारास नोवोकेन, आणि 1940 च्या दशकात स्वीडनमधून लिग्नोकेन, तेच अजून वापरतात. आज इंजेक्शन देऊन गर थेट काढतात, बऱ्याचदा तर तो आधीच मेलेला असतो. यात लोक फसतात. दुखणं एकदम थांबलं की वाटतं बरं झालं, पण खरं तर गर मेलेला असतो आणि मुळाच्या टोकाशी पू साचायला लागलेला असतो. मेलेल्या गरात रक्तच पोचत नाही म्हणून नुसत्या अँटिबायोटिकने आतलं साफ होत नाही, गोळ्यांनी सूज उतरते आणि दोन महिन्यांनी गाल परत फुगतो.

गर काढायला मुळाच्या नळीत घालायचं हत्यार 1838 चं. वॉशिंग्टनच्या एडविन मेनार्ड यांनी घड्याळाची स्प्रिंग घासून बारीक केली आणि मुळात घातली. हाच माणूस बंदुकांच्या शोधासाठी जास्त प्रसिद्ध आहे, असो. आत्ता माझ्या दाढेत गेलेली फाइल, म्हणजे नळी घासायची कानस, त्याच घराण्यातली, केसासारखी बारीक, तिच्यावर रबराचं छोटं टिकलीएवढं चक्र, आणि डॉक्टर ते पट्टीवर धरून मिलिमीटर मोजत होते. किती खोल जायचं हे पूर्वी अंदाजाने चालायचं. 1899 मध्ये न्यू ऑर्लिन्सचे डेंटिस्ट एडमंड केल्स यांनी मुळात शिशाची तार घालून एक्स-रे काढला आणि लांबी डोळ्यांनी बघितली. किरणांचा धोका तेव्हा कुणाला कळलेला नव्हता, केल्स यांची आधी बोटं गेली, मग हात गेला.

भरायचं काय याचं उत्तर मात्र थेट जंगलातून आलं. मलायातल्या एका झाडाचा चीक, गटापर्चा. गरम पाण्यात मऊ होतो, गार झाला की घट्ट. 1840 च्या दशकात तो लंडनला पोचला आणि सगळे त्यामागे लागले, गोल्फचे बॉल केले, समुद्राखालच्या तारांना वेष्टण केलं. 1870 मध्ये मुंबईहून एडनकडे जी तार समुद्रातून टाकली तीही गटापर्चात गुंडाळलेली. आणि 1867 मध्ये बोमन नावाच्या अमेरिकन डेंटिस्टने त्याच चिकाने मुळं भरली. तारांना पुढे प्लास्टिक आलं, मुळांसाठी अजून गटापर्चाच आहे. चिमट्यात धरलेल्या गुलाबी-केशरी काड्या असतात ना त्याच, त्यात चीक जेमतेम पाचवा हिस्सा आणि बहुतेक बाकी झिंक ऑक्साइड. वरचं जास्तीचं टोक डॉक्टर तापलेल्या हत्याराने कापतात तेव्हा बारीक धूर निघतो, आजीच्या धुरीची आठवण झाली मला.

मग आत्या आणि काका, हे दोघं एकाच काळातले. 1910 मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरने मॉन्ट्रियलला भाषण दिलं की अमेरिकन डेंटिस्ट कुजलेल्या दातांवर सोन्याच्या समाध्या बांधतायत आणि त्यातून शरीरभर रोग पसरतोय. त्याचा राग मुख्यतः गलिच्छ कॅप आणि ब्रिजवर होता आणि तो पूर्ण चुकीचाही नव्हता, एक्स-रे काढून खाली काय सडतंय हे बघायची पद्धत तेव्हा फारशी रुळलेली नव्हती. पण त्यातून जी लाट आली ती भयानक. संधिवात असो, पोटदुखी असो, संशय आला की काढा दात. न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख हेन्री कॉटन तर वेड बरं करायला रुग्णांचे दात उपटत होते, स्वतःच्या मुलांचेही दात त्यांनी काढवले. आणि वेस्टन प्राइस या अमेरिकन डेंटिस्टने रूट कॅनल केलेले दात काढून सशांच्या कातडीखाली बसवले, ससे आजारी पडले, झालं सिद्ध! काकांचा फॉरवर्ड तो हाच. पण त्या दातांवर भरपूर जंतू होते, आणि नंतर इतरांनी नीट काळजी घेऊन तपासलं तेव्हा ते टिकलं नाही. 1930 च्या दशकात हे खूळ ओसरलं तोवर लाखो लोक बोळके झालेले. 1943 मध्ये शिकागोला रूट कॅनलवाल्यांनी स्वतःची संघटना काढली आणि 1963 मध्ये अमेरिकेत ही वेगळी स्पेशालिटी म्हणून मान्य झाली.

मला यात सगळ्यात आवडला तो 1965 चा उंदरांचा प्रयोग. काही उंदीर पूर्ण जंतूमुक्त वाढवलेले, काही साधे. दोघांच्या दाढा ड्रिल करून गर उघडा टाकला, त्यात अन्न अडकलं तरी काही केलं नाही. साध्या उंदरांचा गर मेला, पू झाला. जंतूमुक्त उंदरांच्या गराने मात्र त्या भोकावर स्वतःच नवीन कडक थर बांधला! म्हणजे किडा नाही, नसही नाही, सगळी भानगड जंतूंची. त्यामुळे आज रूट कॅनलमध्ये डॉक्टरांचा सगळ्यात जास्त वेळ धुण्यात जातो, आणि धुतात कशाने तर सोडियम हायपोक्लोराइटने, पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या जखमा धुवायचे तेच रसायन. खुर्चीत स्विमिंग पूलचा वास येतो तो त्याचा.

आपल्याकडे हे तसं उशिरा आलं. कलकत्त्याला 1920 मध्ये डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी पहिलं डेंटल कॉलेज काढलं, मुंबईत नायर हॉस्पिटलचं 1933 चं, डेंटिस्ट अॅक्ट 1948 चा. आजीच्या लहानपणी गावात धुरीवाला होता आणि डेंटिस्ट नव्हता, तर ती दुसरं काय सांगणार.

माझ्या दाढेचा शेवटचा एक्स-रे परवा काढला, मुळांत पांढऱ्या रेघा अगदी टोकापर्यंत. पुढच्या गुरुवारी कॅप. फोटो ग्रुपवर टाकलाय, काकांनी अजून बघितलेला दिसत नाही.