आधी कुणी तपासायचं? वेब ॲपमधल्या ऑथरायझेशन फिल्टरांचा क्रम

"सगळे चेक लावलेत ना, मग कुठला आधी चालला न कुठला नंतर, काय फरक पडतो?" असं बरेच वेब डेव्हलपर म्हणतात आणि ते अर्धंच खरं आहे. ओवॅस्प ही संस्था वेब ॲपमधल्या धोक्यांची यादी काढते, त्यात परवानगीच्या तपासणीतल्या त्रुटी २०१७ ला पाचव्या नंबरवर होत्या, २०२१ ला थेट पहिल्या नंबरवर आल्या, म्हणजे विषय किरकोळ नाहीये.

मी इथे मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेट कोअर या वेब ॲप बनवायच्या फ्रेमवर्कबद्दल बोलतोय. रिक्वेस्ट आली की आपल्या मुख्य कोडच्या आधी फिल्टर नावाचे छोटे तुकडे चालतात, त्यात ऑथरायझेशन, म्हणजे परवानगी तपासणारे, फिल्टर सगळ्यात पहिले, अगदी फॉर्ममधला डेटा व्हेरिएबलमध्ये भरायच्याही आधी. एकाने नकार दिला की तिथेच संपलं, पुढचे ऑथरायझेशन फिल्टर चालतच नाहीत.

आता अर्धं खरं का? आत जायला सगळ्यांचा होकार लागतो, त्यामुळे प्रत्येक फिल्टर स्वतंत्रपणे हो-नाही सांगत असेल तर क्रम उलटा केला तरी आत कोण जाणार ते बदलत नाही. पण नकार कोण देतो आणि काय उत्तर देतो ते बदलतं! समजा बँकेच्या ॲपमध्ये आपण दोन फिल्टर लिहिले, एक लॉगिन तपासतो आणि दुसरा डेटाबेसमध्ये बघतो की हे खातं याच माणसाचं आहे का. दुसरा आधी चालला तर लॉगिन न केलेला कुणीही खाते नंबर टाकत बसेल, नसलेल्या नंबरला ४०४ (सापडलं नाही) येईल आणि असलेल्याला ४०३ (परवानगी नाही), म्हणजे पासवर्ड माहीत नसतानाही कुठले नंबर खरे ते त्याला कळलं, वर प्रत्येक वेळी डेटाबेसला फुकटचा हेलपाटा. लॉगिनचा फिल्टर आधी असेल तर सगळ्यांना एकच उत्तर, ४०१ (आधी लॉगिन करा). (लॉगिन केलेला माणूसही असेच नंबर चाचपू शकतो, म्हणून दुसऱ्याचं खातं असलं तरी ४०४ च द्यावा.)

मग क्रम ठरतो कसा? ॲक्शनच्या, म्हणजे रिक्वेस्टला उत्तर देणाऱ्या मेथडच्या, डोक्यावर फिल्टर ज्या ओळीने लिहिले त्याच ओळीने चालतात हा मोठा गैरसमज आहे, तशी खात्री डॉट नेट देत नाही. फ्रेमवर्क सगळे फिल्टर गोळा करून सॉर्ट करतं, आधी ऑर्डर नावाच्या आकड्यावर, लहान आकडा आधी, काही लिहिलं नाही तर शून्य. आकडे सारखे निघाले तरच स्कोप बघतं, म्हणजे पूर्ण ॲपला लावलेला फिल्टर आधी, मग कंट्रोलरचा (ॲक्शन ज्या क्लासमध्ये असतात तो), मग ॲक्शनचा, आतमध्ये यांना १०, २०, ३० असे आकडेच दिलेत. मला हे फार आवडतं, कारण दोन आकड्यांच्या तुलनेत सगळं भांडण मिटतं आणि ॲक्शनवरचा फिल्टरसुद्धा उणे आकडा देऊन ग्लोबलच्या पुढे काढता येतो. फ्रेमवर्कचे स्वतःचे फिल्टरही हाच नियम पाळतात: एचटीटीपीएस सक्तीचा करणाऱ्या फिल्टरचा आकडा आहे उणे २,१४,७४,८३,५९८, म्हणजे जवळपास सगळ्यांच्या आधी, आणि दुसऱ्या साइटवरून आलेला खोटा फॉर्म पकडणाऱ्याचा १०००, म्हणजे आपले बहुतेक फिल्टर झाल्यावर.

मिडलवेअरची, म्हणजे फिल्टरांच्याही आधी रिक्वेस्ट ज्यातून जाते त्या थरांची, गोष्ट वेगळी, तिथे मात्र खरंच कोडमधल्या ओळींचाच क्रम लागतो, आणि एएसपी डॉट नेट कोअर ३.० पासून ऑथोराइज ॲट्रिब्यूटची (कोडवर लावलेली 'इथे परवानगी लागते' अशी खूण) तपासणी साधारणपणे तिथेच होते, फिल्टरांपर्यंत रिक्वेस्ट पोचायच्या आधी.

काहीजण कुठूनतरी उणे ९९९९ कॉपी करून दिसेल त्या फिल्टरला ताईतासारखा बांधतात. सगळ्यांनाच एक आकडा दिला तर निकाल पुन्हा स्कोपवर जातो, आणि स्कोपही एकच असेल तर कुठल्याच क्रमावर भरवसा ठेवता येत नाही. त्यापेक्षा लॉगिनला १००, मालकीला २०० असे अंतर ठेवून आकडे द्या, मधे नवीन फिल्टर घालायला जागा राहते. आणि लॉगिन न करता एक खरा न एक खोटा खाते नंबर पाठवणारी टेस्ट लिहा: दोन्हीला ४०१ यायला हवा, आणि डेटाबेसकडे एकही क्वेरी जाता कामा नये.