गाण्याला उसंत, बोलण्याला घाई

लॅपटॉपला बिनतारी हेडफोन जोडलेला असतो, गाणं भरदार वाजत असतं, कुठलं वाद्य डावीकडे आणि कुठलं उजवीकडे हेही कळत असतं. तेवढ्यात ऑनलाइन मीटिंग सुरू होते आणि सगळा आवाज एकदम चपटा आणि कोंदट होतो, जुन्या टेलिफोनवर ऐकू यायचा तसा. मीटिंग संपली की पुन्हा पूर्ववत. हेडफोन बिघडला, असं बहुतेकांना वाटतं. काहीजण नवा घेतात आणि त्यावरही तेच घडतं. दोष हेडफोनचा नसतो. ब्लूटूथमध्ये आवाज नेण्याचे दोन वेगळे मार्ग आहेत आणि माइक चालू होताच संगणक पहिला सोडून दुसरा धरतो. हे दोन मार्ग मुळात कशासाठी, ते कळलं की बिनतारी आवाजाच्या बऱ्याचशा तक्रारी उलगडतात.

ब्लूटूथवरचं काम १९९४ मध्ये स्वीडनमधल्या लुंड शहरात, एरिक्सन कंपनीत सुरू झालं. याप हार्टसेन हा डच अभियंता त्यात आघाडीवर होता. १९९८ मध्ये एरिक्सन, इंटेल, नोकिया, आयबीएम आणि तोशिबा यांनी एकत्र येऊन या तंत्राचे नियम ठरवणारी संघटना स्थापन केली. रेडिओपट्टा निवडला २.४ गिगाहर्ट्झचा, कारण जगात जवळजवळ सगळीकडे तो विनापरवाना वापरता येतो. साहजिकच तिथे गर्दीही मोठी. वायफाय तिथेच, बिनतारी माउस तिथेच आणि मायक्रोवेव्ह ओव्हनमधून निसटणाऱ्या लहरीही त्याच पट्ट्यातल्या.

या गर्दीत टिकायला ब्लूटूथ एका जागी थांबतच नाही. २४०२ ते २४८० मेगाहर्ट्झमध्ये त्याने ७९ वाहिन्या आखल्या आहेत आणि हेडफोन व संगणक दोघेही ठरलेल्या क्रमाने सेकंदाला १६०० वेळा वाहिनी बदलतात. २००३ च्या १.२ आवृत्तीपासून कुठल्या वाहिन्यांवर गोंगाट आहे हे ओळखून त्या टाळण्याची सोयही आली. तरीही आवाजाची काही पाकिटं, म्हणजे पाठवलेले छोटे तुकडे, वाटेत हरवतातच. हरवलेल्या पाकिटाचं काय करायचं, इथे दोन मार्ग वेगळे होतात.

गाण्याला थांबायला वेळ आहे. पाकीट पोचलं नाही तर ते पुन्हा पाठवलं जातं. तोवर आवाज तुटू नये म्हणून हेडफोन थोडा साठा आधीच करून ठेवतो. टाकी भरलेली असली की नळाचं पाणी मध्येच गेलं तरी घरात कळत नाही, तसंच हे. या साठ्याची किंमत म्हणजे उशीर. संगणकातून निघालेला आवाज कानापर्यंत यायला साधारण १०० ते ३०० मिलिसेकंद लागतात. चित्रपट पाहताना हे जाणवत नाही, कारण हेडफोनने आपला उशीर कळवला तर व्हिडिओ दाखवणारं सॉफ्टवेअर चित्रही तेवढंच मागे ठेवतं. खेळांमध्ये मात्र ही युक्ती चालत नाही. तुम्ही पुढचं बटण कधी दाबणार हे संगणकाला आधी ठाऊक नसतं, म्हणून गोळी सुटलेली दिसते आधी आणि ऐकू येते नंतर.

याच मार्गाने जाताना आवाज आवळावाही लागतो. सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने (आवाजाची क्षणोक्षणी घेतलेली मोजमापं), प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि तसे दोन कान. गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट. ब्लूटूथचा हा रेडिओ सेकंदाला जास्तीत जास्त ३ मेगाबिट, म्हणजे ३००० किलोबिट वेगाने बोलतो, पण त्यातला बराच वाटा पोच देण्यात, पत्ते लिहिण्यात आणि हरवलेलं पुन्हा पाठवण्यात जातो. म्हणून सगळ्यांना सक्तीचा असलेला एसबीसी हा कोडेक, म्हणजे आवाज आवळण्याची पद्धत, तोच आवाज चांगल्या दर्जात सुमारे ३२८ किलोबिटांत बसवतो. एएसी, एपीटीएक्स, एलडीएसी ही नावं याच कामाच्या इतर पद्धतींची. संगणक आणि हेडफोन दोघांनाही एकच पद्धत येत असेल तरच ती वापरली जाते, नाहीतर गाडी एसबीसीवर येते. माझ्या मते खरेदी करताना या नावांना वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलं जातं. रोजच्या ऐकण्यात त्यांच्यापेक्षा हेडफोन कानात नीट बसतो का, याने जास्त फरक पडतो.

आता बोलणं. ते थांबू शकत नाही. एका बाजूने जाणारा आवाज साधारण १५० मिलिसेकंदांत पोचावा, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं मार्गदर्शन आहे. त्याहून जास्त उशीर झाला की माणसं एकमेकांचं बोलणं तोडू लागतात. म्हणून मोबाइलच्या हँड्स-फ्री संभाषणासाठी ब्लूटूथने दुसरा मार्ग आखला. त्यात दोन्ही दिशांना ठरावीक अंतराने वेळ राखून ठेवलेला असतो. मूळ योजनेत हरवलेलं पाकीट पुन्हा मागायचं नाही, ते गेलं तर गेलं. नंतरच्या सुधारणेत थोडक्या वेळापुरती ती मुभा मिळाली. वाट्याला येतात प्रत्येक दिशेला जेमतेम ६४ किलोबिट. जुन्या पद्धतीत सेकंदाला ८००० नमुने घेतले जातात, त्यामुळे त्याच्या निम्म्याच्या, म्हणजे ४००० हर्ट्झच्या वरचं काहीच पोचत नाही. सुधारित पद्धतीत १६,००० नमुने, म्हणजे मर्यादा ८००० हर्ट्झ. तरुण कान २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. झांजेची किणकिण आणि ‘स’, ‘श’ची धार याच वरच्या भागात असते आणि तीच कापली जाते. शिवाय आवाज एकपदरी, डावं-उजवं काही नाही. दोन्ही मार्ग एकदम चालवण्याची सोय सहसा नसल्यामुळे मागे वाजणारं गाणंही याच चिंचोळ्या वाटेने येऊ लागतं.

उपाय सोपा आहे आणि तो फार थोड्यांना माहीत असतो याचं मला वाईट वाटतं. मीटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पीकर म्हणून हेडफोन ठेवा आणि माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा किंवा वेगळा यूएसबी माइक निवडा. हेडफोनचा माइक कोणी मागितलाच नाही, तर संगणक गाण्याचा मार्ग सोडत नाही. विंडोज १० मध्ये एकाच हेडफोनची ‘स्टिरिओ’ आणि ‘हँड्स-फ्री’ अशी दोन नावं दिसतात ती याच दोन मार्गांची. विंडोज ११ मध्ये ती एकत्र केली आहेत, पण आतला बदल तसाच चालतो.

जोडणीच न होण्याचं कारण वेगळं. पहिल्यांदा पेअरिंग करताना दोन्ही उपकरणं मिळून १२८ बिटांची एक गुप्त किल्ली तयार करतात आणि आपापल्या स्मृतीत ठेवतात. पुढची प्रत्येक ओळख त्या किल्लीवरच पटते. हेडफोन रीसेट केला किंवा संगणकावर विंडोज नव्याने टाकलं, तर एका बाजूची किल्ली पुसली जाते. यादीत नाव दिसत राहतं, पण ‘कनेक्ट’ कितीही दाबलं तरी उपयोग होत नाही. ते नाव यादीतून काढून हेडफोन पुन्हा पेअरिंगला लावणं, एवढाच मार्ग. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तरी हीच अडचण येते: हेडफोनला दोन्हींचा ब्लूटूथ पत्ता एकच दिसतो, म्हणून तो नवी किल्ली ठेवतो आणि जुनी टाकून देतो. आणि कधी कधी हेडफोन शेजारच्या मोबाइलला आधीच जाऊन चिकटलेला असतो, तेही आधी पाहून घ्यावं.

आवाज तुटत असेल तर भोवतालची जागा तपासा. आपल्या शरीरात पाणी भरपूर आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात. टेबलाखाली ठेवलेल्या संगणकाच्या पाठीमागे डोंगल (यूएसबीत खोचायचा छोटा ब्लूटूथ जोड) असेल, तर मध्ये माणूसही येतो आणि लोखंडी पेटीही. यूएसबी ३.० ची उपकरणं आणि केबल याच पट्ट्यात गोंगाट करतात, हे इंटेलनेच २०१२ मध्ये मोजून दाखवलं होतं. डोंगल छोट्या एक्स्टेंशन केबलने पुढे आणला तर बऱ्याचदा काम भागतं. डेस्कटॉपच्या मदरबोर्डसोबत आलेले अँटेना लावायचे राहून गेले असतील तर ते लावा. वायफाय ५ गिगाहर्ट्झवर नेलं तर आणखी फरक पडतो, कारण लॅपटॉपमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ बहुधा एकाच चिपवर असतात आणि २.४ वर त्यांना वेळ वाटून घ्यावा लागतो.

दोन मार्गांची ही जुनी फाळणी आता मिटू लागली आहे. २०२० च्या जानेवारीत एलई ऑडिओ ही ब्लूटूथवरून आवाज नेण्याची नवी पद्धत जाहीर झाली. त्याचा एलसी३ हा कोडेक कमी बिटांत एसबीसीपेक्षा चांगला आवाज देतो आणि गाणं व बोलणं दोन्ही एकाच पायावर चालतं. २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ मध्ये माइक चालू असतानाही दोन्ही कानांना वेगळा, ३२,००० नमुन्यांचा आवाज देण्याची सोय आणली. त्यासाठी हेडफोन, संगणकाची ब्लूटूथ चिप आणि ती चालवणारं सॉफ्टवेअर म्हणजे ड्रायव्हर या तिघांनाही एलई ऑडिओ यावं लागतं. खोक्यावर ब्लूटूथ ५.२ किंवा ५.३ छापलेलं असणं पुरेसं नाही. विंडोज ११ च्या ब्लूटूथ सेटिंग्जमध्ये ‘यूज एलई ऑडिओ व्हेन अव्हेलेबल’ हा पर्याय दिसतो का ते पाहा. दिसला, तर संगणकाची बाजू तयार आहे आणि प्रश्न फक्त हेडफोनचा उरतो.