दान (फ्रेंच दिवाणी कायदा)

फ्रेंच दिवाणी संहितेच्या कलम ८९४ नुसार दात्याने आपल्या मालकीची वस्तू मोबदला न घेता, हयातीतच आणि पुन्हा मागे घेता येणार नाही अशा रीतीने दुसऱ्याला देणे आणि आदात्याने तिचा स्वीकार करणे म्हणजे दान. मृत्युपत्राने दिलेली देणगी यात मोडत नाही. मात्र संहितेत दोन्हींचे नियम एकाच प्रकरणात एकत्र आले आहेत. या शाखेतील बहुतेक नियम दान सुकर करण्यासाठी नाहीत. दात्याला त्याच्या क्षणिक उदारपणापासून आणि वारसांना दात्यापासून सांभाळण्यासाठी ते आहेत. हे ध्यानात घेतल्यावाचून त्यांची कठोरता उलगडत नाही.

दानाविषयीची ही सावधगिरी रोमन आहे. इ.स.पू. २०४ च्या लेक्स किंकिया या कायद्याने जवळच्या नातलगांखेरीज इतरांना ठराविक मर्यादेपलीकडे दान देण्यास मनाई केली. ही मर्यादा किती होती ते उपलब्ध साधनांतून कळत नाही. कायदा मोडणारे दान आपोआप निरर्थक ठरत नसे. देणे अपुरे राहिले असेल तर दाता पुढचे देण्यास नकार देऊ शके, आणि दाता मेल्यावर हा बचावही संपे. पतिपत्नींमधील दाने निरर्थक मानली जात, इ.स. २०६ पासून दात्याने मरेपर्यंत मन बदलले नसेल तर ती टिकू लागली. सम्राट कॉन्स्टंटाइनने लेख, शेजाऱ्यांसमक्ष ताबा आणि सरकारी दप्तरात नोंद अशी त्रिविध अट घातली. या हुकुमाचा काळ साधनांनुसार इ.स. ३१६ ते ३२३ दरम्यान बदलतो. पुढे सम्राट जस्टिनियनने ५०० सुवर्णनाण्यांपर्यंतची दाने नोंदणीतून मुक्त केली. फ्रान्समध्ये नोंदणीची कल्पना १५३९ च्या व्हिलेर-कोतरे येथील राजाज्ञेने पुन्हा आणली.

दान मागे न घेता येण्याच्या तत्त्वाचा उगम मात्र रोमन नाही, आणि तो नेमका कशात आहे यावर अभ्यासकांत एकमत नाही. उत्तर फ्रान्सच्या रूढिप्रधान प्रदेशांत ‘दॉने ए रतनिर न व्हो’, म्हणजे देणे आणि धरून ठेवणे एकत्र चालत नाही, असे सूत्र होते. मध्ययुगाच्या उत्तरार्धात ते रुळले असावे. १५८० मध्ये सुधारलेल्या पॅरिसच्या रूढिसंहितेत ते कलम २७३ म्हणून आले. पुढच्याच कलमात त्याचा खुलासा आहे: दिलेल्या वस्तूची हवी तशी विल्हेवाट लावण्याची मुभा दात्याने स्वतःकडे ठेवली, किंवा मरेपर्यंत ताबा सोडलाच नाही, तर ते देऊन धरून ठेवणे होय. हयातीपुरता उपभोगाधिकार (वस्तू वापरण्याचा आणि तिचे उत्पन्न घेण्याचा हक्क) राखून मालकी देण्यास मात्र आडकाठी नव्हती.

एका मतानुसार या सूत्राचे मूळ जर्मानिक परंपरेतील ताब्याच्या कल्पनेत आहे. जमीन दिली याचा अर्थ ती चारचौघांदेखत हातातून गेली. जो ताबा सोडत नाही त्याने काही दिलेलेच नाही. पॅरिसच्या संहितेतील ताब्याचा उल्लेख या मताला पोषक आहे. पण सोळाव्या शतकापर्यंत नोटरीच्या लेखातील एका वाक्याने कागदोपत्री ताबा देता येऊ लागला होता. नियमाचे मूळ केवळ ताब्यात असते तर तो तेव्हाच ढिला पडायला हवा होता. प्रत्यक्षात तो पुढे अधिकच कडक झाला.

दुसरे मत कौटुंबिक मालमत्तेकडे बोट दाखवते. पॅरिसच्या रूढीनुसार वडिलोपार्जित स्थावराचा केवळ पाचवा हिस्सा मृत्युपत्राने देता येई. उरलेले चार पंचमांश रक्ताच्या वारसांसाठी राखीव असत. हयातीतील दानाला ही मर्यादा नव्हती. मग मृत्युपत्रालाच दानाचा पेहराव चढवून मर्यादा चुकवणे सोपे झाले असते. ते टाळण्यासाठी रूढीने एकच अडसर घातला: घराण्यातून मालमत्ता बाहेर काढायची असेल तर ती आधी स्वतः गमवा. स्वतःला झळ बसणार म्हटल्यावर माणूस हात आखडतो, हा त्यामागचा हिशेब. ऑर्लेआंचा विधिज्ञ पोतिए (१६९९–१७७२) याने हेच स्पष्टीकरण मांडले होते. नियमाचे बाह्य रूप पहिल्या मताने उलगडते, पण त्याचे टिकणे आणि कडक होणे दुसऱ्यानेच समजते. दानविषयक पुढील कायद्याचा ओघ पाहता हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

चान्सलर दागेसोच्या फेब्रुवारी १७३१ च्या राजाज्ञेने दानाचा कायदा बऱ्याच अंशी एकरूप केला. दानपत्र नोटरीसमोरच झाले पाहिजे ही अट तिने घातली आणि दान मागे न घेता येण्याचे तत्त्व रोमन कायदा पाळणाऱ्या दक्षिण प्रदेशांवरही लादले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात समतेच्या आग्रहाने दानस्वातंत्र्य जवळजवळ संपले. ६ जानेवारी १७९४ च्या कायद्याने अपत्ये असलेल्या व्यक्तीला मालमत्तेचा केवळ दहावा हिस्सा मोकळा ठेवला, तोही १४ जुलै १७८९ पासून पूर्वलक्षी प्रभावाने. हा पूर्वलक्षी प्रभाव लवकरच मागे घ्यावा लागला. १८०४ च्या संहितेने मधला मार्ग काढला.

संहितेच्या मसुद्यात दानाला करार म्हटले होते. राज्यपरिषदेतील चर्चेत नेपोलियन बोनापार्तने करारात दोन्ही बाजूंवर बंधने असतात असा आक्षेप घेतला, म्हणून कलम ८९४ मध्ये ‘कृत्य’ हा शब्द आला, असे सांगितले जाते. आदात्याचा स्वीकार आवश्यकच असल्याने फ्रेंच भाष्यकार आजही दानाला करारच मानतात, आणि ते योग्य आहे.

कलम ९३१ नुसार दानपत्र नोटरीसमोर केले नाही आणि त्याची मूळ प्रत नोटरीकडे राहिली नाही तर ते निरर्थक. स्वीकारही स्पष्ट शब्दांत नोंदवावा लागतो. जंगम वस्तू लेखाने दिल्या तर त्यांची किंमतवार यादी जोडावी लागते. या औपचारिकतेचा खरा रोख तिच्या परिणामांत दिसतो. लेखात दोष राहिला तर दात्याला नुसत्या संमतीने तो दुरुस्त करता येत नाही. दान नव्याने करावे लागते. पण दात्याच्या मृत्यूनंतर वारसांनी ते दान मान्य केले किंवा स्वेच्छेने अमलात आणले, तर त्यांना पुढे दोषाचा आधार घेता येत नाही (पूर्वी कलम १३४०, २०१६ पासून कलम ९३१-१). जो नियम शिथिल करण्याची मुभा वारसांना आहे आणि दात्याला नाही, तो कोणासाठी केला हे वेगळे सांगायला नको.

व्यवहारात या चौकटीला मोठी वाट आहे. हातोहात दिलेली जंगम वस्तू किंवा रोख रक्कम, म्हणजे ‘दाँ मान्युएल’, न्यायालये पूर्वीपासून वैध मानतात. ताबा देणे हीच तिथे औपचारिकता. धनादेश आणि बँकेतून पाठवलेली रक्कमही याच वर्गात बसवली गेली. विक्रीच्या रूपात लपवलेले दानही विक्रीची औपचारिकता पाळली असेल तर टिकते. वाढदिवस, विवाह अशा प्रसंगी ऐपतीनुसार दिलेल्या भेटी वारसांच्या हिशेबात धरत नाहीत.

दान मागे न घेता येण्याच्या तत्त्वातून चार निषेध निघतात. भावी मालमत्तेचे दान करता येत नाही (कलम ९४३). ज्या अटीची पूर्तता केवळ दात्याच्या मर्जीवर आहे ती अट चालत नाही (९४४). दात्याची भविष्यातील अनिश्चित कर्जे आदात्यावर टाकता येत नाहीत (९४५). आणि दिलेल्या वस्तूपैकी काही पुन्हा विकण्याचा हक्क राखला तर तेवढा भाग दात्याच्या वारसांकडे जातो (९४६). विवाहकरारातील दानांना हे निषेध लागू नाहीत. आदाता आधी मेल्यास वस्तू परत यावी अशी अट मात्र घालता येते (९५१).

दान मागे न घेता येण्याच्या तत्त्वाला कलम ९५३ मध्ये तीन अपवाद आहेत. घातलेल्या अटी न पाळणे हा पहिला. कृतघ्नता हा दुसरा: दात्याच्या जिवावर उठणे, त्याचा छळ किंवा गंभीर अपमान करणे, निर्वाहखर्च नाकारणे, यासाठी एका वर्षात दावा लावावा लागतो. तिसरा, अपत्य नसलेल्या दात्याला पुढे अपत्य होणे, याचा इतिहास विलक्षण आहे. इ.स. ३५५ चा मूळ रोमन हुकूम केवळ मुक्त केलेल्या गुलामाला धन्याने दिलेल्या दानापुरता होता. मध्ययुगीन विधिज्ञांनी तो सर्व दानांना लावला. १८०४ च्या संहितेत अपत्यजन्माने दान आपोआप रद्द होई, दात्याची इच्छा असो वा नसो. २३ जून २००६ च्या कायद्याने, १ जानेवारी २००७ पासून, दानपत्रात तशी तरतूद असेल तरच हे कारण चालते.

वारसांचे खरे संरक्षण राखीव हिश्शात आहे. एक अपत्य असल्यास निम्मी, दोन असल्यास एक तृतीयांश, तीन किंवा अधिक असल्यास एक चतुर्थांश मालमत्ताच मोकळेपणाने देता येते (कलम ९१३). मृत्यूनंतर हयातीतील दाने हिशेबात मिळवून ही मर्यादा मोजतात, आणि जादा दिलेले कापून घेतात. पूर्वी वस्तूच परत जाई, २००६ च्या कायद्यापासून बहुधा तिचे मूल्य द्यावे लागते. आईवडिलांचा राखीव हिस्सा त्याच कायद्याने संपला. राखीव हिश्शावरील दावा आधीच सोडून देण्याची मुभाही दिली, मात्र ते दोन नोटरींसमोर करावे लागते. पतिपत्नींमधील दाने २००४ पर्यंत केव्हाही मागे घेता येत. १ जानेवारी २००५ पासून सद्य मालमत्तेच्या दानाला ही मुभा नाही. विवाहबाह्य जोडीदाराला दिलेले दान अनीतीच्या कारणाने निरर्थक नाही, हे फ्रान्सच्या कॅसेशन न्यायालयाच्या (दिवाणी व फौजदारी प्रकरणांतील सर्वोच्च न्यायालयाच्या) पूर्णपीठाने २९ ऑक्टोबर २००४ रोजी ठरवले.

जर्मन संहितेत (१९००) दान हा स्पष्टपणे करार आहे. नोटरीची गरज दानाच्या वचनाला, आणि दाता विपन्न झाल्यास त्याला वस्तू परत मागता येते. भारतातील १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात स्थावराच्या दानाला नोंदणीकृत, दोन साक्षीदारांचे बक्षीसपत्र लागते. दात्याच्या केवळ मर्जीने दान रद्द होण्याची अट कलम १२६ नुसार तिथेही निष्फळ आहे. राखीव हिश्शाची कल्पना मात्र त्यात नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या अधिनियमाचे कलम २३, सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता परत मिळवून देणारे, फ्रेंच कायद्यातील पहिल्या दोन अपवादांच्या जवळ जाते.

गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता १ जुलै १८७० पासून लागू झाली. ती फ्रेंच परंपरेतील असली तरी दानाला करारच म्हणते. सर्व मालमत्ता उपभोगाधिकार न राखता दिली, किंवा दात्याला निर्वाहाचे साधन उरले नाही, तर दान निरर्थक ठरवते. राखीव हिस्सा आरंभी दोन तृतीयांश होता, १९१० मध्ये तो निम्मा झाला. पोर्तुगालने १९६६ मध्ये नवी संहिता केली, ती गोव्याला लागू नाही. उत्तराधिकाराचा भाग आता २०१२ च्या गोवा अधिनियमात आला असून तो डिसेंबर २०१६ पासून अमलात आहे. १३ सप्टेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, गोव्याचा अधिवास असलेल्या व्यक्तीच्या राज्याबाहेरील मालमत्तेच्या उत्तराधिकारालाही गोव्यातील कायदाच लागू होतो, असा निर्णय दिला. त्यामुळे अशा व्यक्तीने मुंबईतील घर बक्षीसपत्राने दिले, तरी वारसांच्या राखीव निम्म्याचा प्रश्न आधी तपासावा लागतो.